कंदील जळत होता

आधी इंजिन विचारायचं.
चालू की बंद, आणि ठेवलंय कुठे:
वर काठाला, की खाली विहिरीत?
मग माणसं मोजायची.
उतरली किती, वर आली किती.
फोनवरचा माणूस रडत असला तरी
हे आकडे त्याच्याकडून घ्यायचेच.

बोरखेडीच्या फोनवर आकडा दोन होता.
बावीस किलोमीटरनंतर तीन झाला.

वैशाखातली विहीर, गाळ काढायला उपसलेली.
पाइप पुरेना म्हणून डिझेल इंजिनच
दोरांनी खाली सोडलेलं, कपारीतल्या फळ्यांवर.
तेल संपून ते केव्हाच गप्प झालेलं.
त्याच्या बाजूला दोरीला लोंबणारा कंदील
पिवळा, शांत,
व्यवस्थित जळत होता.

"पाहून घेतलं होतं ना साहेब,"
शालिक बुढा म्हणाला, "कंदील सोडूनच पाह्यला.
इझला नाही. हवा चांगली हाय म्हणून
मीच म्हटलं पोट्ट्याले, उतर, तेल टाक."

त्याच्या आज्यानं त्याला शिकवलेलं खोटं नाही.
जुन्या विहिरीतली जड हवा कंदील ओळखतो,
मान टाकतो, माणूस वाचतो.
पण ही इंजिनाच्या पोटातून आलेली.
वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही.
ज्योतीशी तिचं काही भांडण नाही.
ती थेट रक्ताशी बोलते
आणि रक्त तिचं ऐकतं.

आमचं पहिलं काम वाचवणं नसतं, अडवणं असतं.
चौथा कमरेला दोर बांधून तयार होता, हंसराज.
"माहा भाऊ हाय खाली, सोडा मले!"
कुमरेनं त्याला मिठी मारली.
त्यानं कुमरेच्या दंडाला कडकडून चावा घेतला.
कुमरेनं मिठी सोडली नाही.

मीटर दोरीनं सोडला.
वीस फुटांवर किंचाळला,
तिसाव्या फुटाला त्याचे आकडे संपले.

सिलिंडर दोन. एक भरलेला,
दुसऱ्याचा काटा निम्म्याखाली;
भरून आणायचा कागद महिनाभर सहीसाठी पडून.
नियम म्हणतो, एकानं उतरावं, दुसऱ्यानं तयार राहावं.
कोणी कोणता पाठीवर घ्यावा, ते नियमात नाही.
भरलेला मी घेतला.
निम्मा कुमरेनं, काही न बोलता.

गाडीच्या पंपानं आत तुषार सोडले.
वरची हवा पाण्याचं बोट धरून
थोडी थोडी खाली उतरते.
मुखवट्यात स्वतःचाच श्वास
लोहाराच्या भात्यासारखा.

पहिला गाळात पालथा.
दुसऱ्याचे हात त्याच्या काखेत,
म्हणजे उचलायला सुरुवात झाली होती.
तिसरा भिंतीला टेकून, नाकपुडी हलत होती.
ज्याचा श्वास चालू, तो आधी वर.
हे निवडणं नव्हे, असं आम्हाला शिकवतात.

प्रज्योत वर गेला. खिराडी करकरत राहिली.
सिलिंडरची शिटी वाजली तेव्हा
उरलेल्या दोघांना मी दोर बांधत होतो.
आता घाई नाही,
हे माझ्या हातांना माझ्याआधी कळलं.

चढताना कंदील खांद्याला घासला.
अजून जळत होता.
मी तो विझवला नाही.
का नाही, यासाठी रिपोर्टात रकाना नव्हता.

प्रज्योत अकराव्या दिवशी घरी आला.
अजून विसरतो म्हणतात, बैलाचं नाव, आजचा वार.
शालिक बुढा गावात कोणाशी बोलत नाही.
कुमरेच्या दंडावर दातांची कमान उमटली आहे.
हंसराज जिवंत आहे.

काल रात्री पावणेनऊला फोन.
विहिरीत शेळी पडली साहेब.
इंजिन? दुपारपासून खालीच, आता बंद हाय.
शेळी ओरडते का?
ओरडत होती मघा, आता गप हाय.
तुम्ही नाही आले तरी चालते,
पोट्टा उतरूनच राह्यला,
कंदील सोडून पाह्यला आम्ही, मस्त जळते

मी फोनमध्ये ओरडत होतो.
कुमरेनं एकाच बुटात पाय घातला होता,
आणि गाडी चालू केली होती.